धाकटीचं घमेलं

थोरलीचं म्हणणं एवढंच होतं, की ज्याला तोंड दाखवायची लाज वाटते त्याने पिशव्या पाठवू नयेत.

आणि तिच्या मुलाच्या पिशव्या तर येतच होत्या. कधी ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहायचा, कधी शेजारचं कुणी शहरातून येताना घेऊन यायचं. गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरीचे हातमोजे, सांध्यांना चोळायचं मलम, एकदा तर मऊ पाठीची खुर्चीच. सगळं काकूसाठी, म्हणजे धाकटीसाठी. सोबत निरोपाचा एक शब्द नाही. थोरलीने ड्रायव्हरला विचारलं, "तो का नाही आला?" तर म्हणे, साहेबांना काम फार आहे.

"साहेबांना म्हणावं, तुमच्या आईनेही जन्मभर कामच केलं, पण घराचा रस्ता विसरण्याइतकं मोठं काम तिला कुणी दिलं नाही."

ड्रायव्हरने मान डोलावली. सांगितलं नसणारच. थोरलीचे निरोप जसेच्या तसे पोचवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

धाकटी त्या वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची आणि फळीवर ठेवून द्यायची. मोजे कागदातून बाहेर निघाले नाहीत. मलमाचं झाकण कुणी फिरवलं नाही. खुर्ची कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी. थोरली येता-जाता तिला गुडघ्याने ढकलायची आणि पुटपुटायची, "तू तरी बस मेले."

घरात आता या दोघीच. दोन भावांच्या दोन बायका. भाऊ केव्हाच गेलेले. थोरलीला एक मुलगा, धाकटीला मूल नाही. पण थोरलीने त्या मुलाला जन्म दिला आणि पुढे नुसती रागावत राहिली. बाकीचं सगळं धाकटीने केलं. त्याची नाडी बांधणं, डोक्यातल्या उवा काढणं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणं. पाढे तीच घ्यायची. तिला स्वतःला येत नव्हते, पण तो कुठे चुकला ते तिला त्याच्या आवाजावरून कळायचं. "पुन्हा म्हण," म्हणायची, आणि तो गपचूप पहिल्यापासून सुरू करायचा.

दोघी कोळंबी सोलायच्या. समुद्राच्या काठाला पत्र्याची लांब शेड, आत सिमेंटचा लांब ओटा, ओट्यावर बर्फात कोळंबीचा ढीग आणि दोन्ही अंगांना उभ्या बायका. डोकं मोडायचं, कवच ओढायचं, पाठीतला काळा दोरा नखाने उपसायचा आणि सोललेली कोळंबी पायाशी ठेवलेल्या आपापल्या घमेल्यात टाकायची. घमेलं भरलं की काट्यावर. ज्या बाईचं वजन रोज कमी भरे, तिला मुकादमीण घरी बसवायची, आणि घरी बसवताना गोड बोलायची, हे आणखी वाईट.

थोरलीचा हात असा चाले की बघणाऱ्याला वाटावं, कोळंबी आपणच कवचातून उडी मारतेय. धाकटीचं तसं नव्हतं. नवरा गेला त्या वर्षापासून तिची बोटं गार पाण्यात आखडायला लागली. सकाळी थोडा वेळ बरी चालायची, मग काटक्यांसारखी ताठ. नजरही अधू, प्रत्येक कोळंबी नाकाशी धरून दोरा शोधायची, जणू सुईत ओवायचाय. एकटीच्या जिवावर तिचं घमेलं पुरेसं भरणं शक्यच नव्हतं.

म्हणून ओट्यावर एक गोष्ट चालायची. सकाळी धाकटी पदर खोचत असताना बाकीच्या आपसात कुजबुजायच्या, "आज मूठ कुणाची?" जिची पाळी असेल तिने दिवसभर अधूनमधून आपली एकेक मूठ धाकटीच्या घमेल्यात सोडायची. एका दिवशी एकीनेच. जास्त नाही, नाहीतर मुकादमिणीला वास लागेल. आणि मुख्य म्हणजे धाकटीला कळता कामा नये. मान वर न करता ती सोलत राहायची. पायाशी काय पडतंय ते तिने कधी वाकून पाहिलं नाही. ही शिस्त थोरलीने घातलेली होती, आणि थोरलीने घातलेली शिस्त मोडायची त्या शेडमध्ये कुणाची छाती नव्हती. नवी बाई कामाला लागली की तिला आधी बूट मिळायचे, मग हे सांगितलं जायचं.

मुलगा शिकला आणि सरकारी ऑफिसात लागला. सुट्टीत घरी आला तेव्हा थोरलीने विचारलं, "म्हणजे नेमकं करतोस काय?"

"देशातला एक माणूस एका तासात किती माल तयार करतो ते काढतो, आई."

"सगळ्या देशातला?"

"काही जागा निवडतो. तिथे मोजतो. त्यावरून बाकीच्यांचा अंदाज."

"म्हणजे चार बायकांकडे बघून सगळ्या बायकांना नावं ठेवायची. हे तर माझी सासूपण करायची. फुकट."

धाकटी पदराआड हसली. त्याने नेट लावला. "आई, तसं नाही. आपण गरीब का, हे त्यातून कळतं. दुसऱ्या देशांत तेवढ्याच वेळात आपल्या दुप्पट कोळंबी सोलतात."

"त्यांच्या कोळंब्या आपणहून कपडे काढत असतील."

"जाऊबाई, बोलू द्या ना त्याला," धाकटी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, फार कळत असल्यासारखं तोंड करून तिने विचारलं, "आणि मोजताना चुकलं तर रे?"

"चुकत नाही, काकू. एखादा आकडा फारच वर नाहीतर खाली गेला, तर आम्ही पुन्हा मोजतो. तिथे हमखास काहीतरी गडबड असते."

"पुन्हा मोजतो म्हणे," धाकटी थोरलीला म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला, जणू पाढे पाठ झालेत पोराचे.

पुढे त्यांचीच शेड निवडली गेली आणि मोजायला तोच आला. धाकटीने पहाटे त्याचा शर्ट तांब्यात निखारे घालून शेकला, इस्त्री बिघडली होती म्हणून. शेडमध्ये तो आईला आई म्हणाला नाही, काकूला काकू म्हणाला नाही. सगळ्यांनाच बाई म्हणाला. थोरलीला ते आवडलं. मग त्याने गळ्यातलं घड्याळ हातात घेऊन सांगितलं, "बायांनो, रोज करता तसंच करा. घाई नको, ढिलाई नको. फक्त एक, आज ओट्यावर बोलायचं नाही. बोलण्यात वेळ जातो आणि मोजणीत फरक पडतो."

शेडमध्ये एक बाई होती, तिला सगळ्या बडबडीच म्हणत. तिने लगेच विचारलं, "शिंकलं तर चालेल का साहेब?" ते तिचं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य. मुकादमीण मागे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

रोज करता तसंच करा, म्हणाला. पण रोज सकाळी जे विचारलं जायचं ते विचारायची सोयच त्याने ठेवली नाही. आज मूठ कुणाची? बडबडीने थोरलीकडे बघून भुवया उडवल्या. थोरलीला वाटलं, ही विचारतेय. तिने मान हलवली, म्हणजे आज मी. बडबडीला वाटलं, थोरली म्हणतेय तू टाक. पलीकडच्या बाईने दोघींना बघितलं आणि तिला वाटलं, दोघी घाबरल्यात, तेव्हा आपणच. थोरलीच्या मनात आलं, माझाच पोरगा समोर उभा असताना दुसरी कोण धजणार? नेमकं हेच उलटं बाकीच्यांच्या मनात आलं: आज पोटचा पोरगा समोर असताना थोरलीचा हात कसा चालेल, बिचारीचा? आणि मोजणीचा दिवस, धाकटी कमी पडली तर कायमची घरी. म्हणून जिने तिने आपली मूठ सोडली, आणि रोजच्यापेक्षा मोठी सोडली. त्याची नजर घड्याळ आणि काटा यांच्यामध्ये. घमेली उचलायला त्या दिवशी हमाल होते, म्हणून धाकटीला आपल्या घमेल्याचं वजन जाणवलं नाही. धाकटी मान खाली घालून एकेक कोळंबी नाकाशी धरत होती.

संध्याकाळी तो घरी आला तो दारातूनच ओरडत. "काकू! पहिली कोण आली सांग!"

"तुझी आई. दुसरं कोण?"

"तू! सगळ्या शेडमध्ये तू पहिली!"

धाकटीच्या हातात भांडं होतं, ते तिने खाली ठेवलं. "मी?" ती म्हणाली. मग थोरलीकडे बघून, "जाऊबाई, मी?"

ज्या जिभेने सासऱ्याला सोडलं नव्हतं, मुकादमिणीला सोडलं नव्हतं, त्या जिभेवर तेव्हा खरं आलं नाही. थोरलीला एका क्षणात सगळं कळलं. कुणाकुणाच्या मुठी पडल्या असतील तेही कळलं. पण धाकटीच्या तोंडावर जे आलं होतं, ते नवरा गेल्यापासून थोरलीने पाहिलं नव्हतं. त्या तोंडावर चिखल कसा फेकायचा? आणि असून असून काय, ऑफिसातला एक कागद. पडेल कुठल्या तरी कपाटात.

"मग काय तर," थोरली म्हणाली. "मला मागे टाकलंस की गं भवाने."

पुढचे दिवस शेडमध्ये असे गेले, की अजून आठवले तर थोरली पुढचं ताट बाजूला सारते. धाकटी सरळ उभी राहायला लागली. ओट्यावर दुसऱ्यांना शिकवायला लागली. "अंगठा असा धर. नख आत घाल, ओढू नकोस, उपस." बडबडीसारखी बाई, जिने आख्खं आयुष्य दुसऱ्याला हसण्यात घालवलं, ती मान हलवून म्हणायची, "असं होय? मला मेलीला कुणी सांगितलंच नाही," आणि पुढे वाकून एक मूठ धाकटीच्या घमेल्यात सोडायची. एकीच्याही ओठाला हसू फुटलं नाही. एक हडकुळी नवी मुलगी हाताने फार संथ होती. तिला धाकटीने एकदा चांगलंच झापलं. "वेंधळी कुठची! मी या वयात करते ते बघ." पोरीने खाली बघितलं. त्या दिवशीची मूठ तिचीच होती.

आणि तो कागद कपाटात पडला नाही. शहाण्या लोकांनी तो वाचला. त्यात लिहिलं होतं, की एक वयस्क, दुखऱ्या हातांची बाई एवढं करू शकते, तर बाकीच्या बायका धडधाकट असून कामचुकार आहेत. आणि याचं कारण सामाईक ओटा. एकत्र उभं राहिलं की गप्पा होतात, हात थंडावतात. प्रत्येकीला वेगळं टेबल द्यावं. मालकाला तेवढंच हवं होतं. ओटा हातोड्यांनी फोडला. नवीन हॉल झाला. प्रत्येकीला आपलं टेबल, आपला नळ, टेबलाच्या खाली काटा आणि काट्यावरच घमेलं. डोक्यावर दिवा. चांगलं चाललं तर हिरवा, बरं चाललं तर पिवळा, मागे पडली तर लाल. टेबलांमध्ये अंतर असं, की हात कितीही लांब केला तरी शेजारणीच्या घमेल्यापर्यंत पोचत नाही. सगळ्यांत पुढचं टेबल, पाहुण्यांना दाखवायचं, ते धाकटीला दिलं.

पहिल्या दिवशी तिचा दिवा लाल लागला आणि लालच राहिला. तिला वाटलं काटा बिघडला. मिस्त्री आला, त्याने वजन ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी ती डबा न खाता उभी राहिली. बोटं फुटली, बर्फाचं पाणी गुलाबी झालं. लाल. मागच्या टेबलावर थोरली उभी, दोन्ही हातांत सोललेली कोळंबी धरून, आणि ती टाकायला जागा नाही. शेवटी मुकादमीण धाकटीजवळ आली आणि गोड बोलायला लागली. तेव्हाच थोरली समजली, हिला घरी बसवलं.

घरी येऊन दोघी मोरीत हात धूत होत्या. वास जायला लिंबाची साल चोळावी लागते. फुटलेल्या बोटांना ती झोंबते. धाकटी चोळत होती, थांबत नव्हती.

"ओट्यावर कोण टाकत होतं?" तिने विचारलं.

"काय टाकत होतं?"

"जाऊबाई."

थोरलीने नळ बंद केला. "सगळ्याच."

"त्या दिवशी?"

"रोज. पाळीने."

"कधीपासून?"

"धाकटे भाऊजी गेले तेव्हापासून."

धाकटीने हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं. "आणि मी त्या पोरीला वेंधळी म्हटलं," ती म्हणाली. एवढंच. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. भांडणात तिला कुणी हरवलं नव्हतं.

त्या दिवसापासून धाकटी कुणाचं काही घेत नाही. ताट तिच्यापुढे सरकवलं तर उठते आणि स्वतः वाढून घेते, चार घासांचं. थोरलीने पाण्याची बादली उचलली तर तेवढंच पाणी नंतर स्वतः भरून आणते, दोन्ही तळहातांवर कडी तोलत. बडबडी भेटायला आली, सोबत निवडलेली भाजी घेऊन. धाकटीने ती परत तिच्या पिशवीत घातली आणि वर आपल्याकडचे कांदे घातले. दुसऱ्याला मात्र देते. थोरलीचं ताट वाढते, केस विंचरते, फाटलेलं शिवते. नुसती देत राहते, कर्ज फेडल्यासारखी, आणि समोरच्याने नको म्हटलं की तिचं तोंड राखेसारखं होतं. अंगाने तर अशी वाळलीय, की बांगड्या कोपरापर्यंत जातात.

आणि ज्याने हे केलं तो पिशव्या पाठवत होता.

मग एका दुपारी तो स्वतः आला. हातात पिशवी होतीच. उंबऱ्याच्या आत आला आणि तिथेच पाटावर बसला, पाहुणा बसतो तसा. आत स्वयंपाकघरात धाकटी खलबत्त्यात लसूण ठेचत होती. ठक ठक आवाज येत होता.

"कशी आहे काकू?"

"दोन पावलांवर आहे. पाय मोडलेत का तुझे?"

त्याने पिशवी बाजूला ठेवली. बारीक झाला होता. "मला शेडमधल्या बायकांनी कळवलं सगळं. तेव्हापासून झोप नाही, आई. मी... मी नीट करून आलोय. अहवाल पुन्हा लिहायला लावला. वरच्यांशी भांडलो."

"काय लिहिलंस?"

"काकूचा आकडा काढून टाकला."

"काढून टाकला म्हणजे?"

"म्हणजे धरायचाच नाही. त्या दिवशी ती ओट्यावर नव्हतीच, असं समजायचं. त्या घमेल्यातला माल बाकीच्यांत वाटला, आता त्यांचं बरोबर येतं."

आतली ठकठक थांबली. दोघांनीही तिकडे बघितलं. मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा हळू.

थोरली उठली. खुर्ची कोपऱ्यात होती तिच्या पाठीला तिने हात टेकला.

"ऐक," ती म्हणाली. "तू मोजलंस ते मोजलंस, त्यावर मी बोलत नाही, मुठी आम्हीच टाकल्या. पण आकडा फार वर गेला की पुन्हा मोजतो, असं तूच याच घरात बसून सांगितलं होतंस. दुसऱ्या कुठल्या बाईचा असता तर पुन्हा मोजला असतास. काकूचा होता म्हणून नाचत घरी आलास. आणि मीही तुझ्यासोबत नाचले, बघूनसवरून. तिला आपण दोघांनी मिळून पहिली केलं, आणि आता तू येऊन म्हणतोस ती नव्हतीच. बोटं फुटेपर्यंत ती तिथे उभी होती रे. तिची स्वतःची कोळंबी होती त्या घमेल्यात. थोडी असेल, तिची होती. ती कुठे लिहिलीस? गप्प. उत्तर नकोय मला. आता ही पिशवी इथेच ठेव, घड्याळ काढ आणि आत जा. तिच्यापुढे पाटावर बस. माफी मागू नकोस, औषधाचं नाव काढू नकोस. ती तुला वाढेल. जेवढं वाढेल तेवढं खा, पोट फुटलं तरी खा, आणि नको म्हणू नकोस. तुला घेता आलं, तर कधीतरी तिलाही येईल. माफ करेल असं मी सांगत नाही. मलाही तिने अजून केलेलं नाही."